एका माणसाचे नऊ श्वास

रामटेक्यांच्या घरची वीज जात नसे.

सहा नंबर कॉलनीत ही गोष्ट इतकी पक्की होती, की लपाछपी खेळणारी पोट्टी त्यांच्या ओट्याला शिवली की त्यांच्यावर राज्य येत नसे. बाकीची घरं मात्र टपाटप विझायची. चंद्रपूरचा मे महिना, पारा सत्तेचाळिसावर, आणि दुपारचा दर असा, की मीटरमधला बॅलन्स कापरासारखा उडून जायचा. कॉलनीच्या मागे वीज केंद्राच्या चिमण्या धूर सोडत उभ्या असायच्या, आणि त्या चिमण्यांच्या पायथ्याशी राहणारी माणसं डोक्यावर ओले टॉवेल घेऊन बसलेली असायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

म्हणून त्या रविवारी भर दुपारी कूलरचा पंखा घरघरत थांबला, तेव्हा मित्राला वाटलं, मोटर अडकली असेल. मित्रा म्हणजे संघमित्रा रामटेके, नववी पास, दहावीच्या पुस्तकांना नुकतीच कव्हरं घालून मोकळी झालेली. ती स्क्रू ड्रायव्हर शोधायला उठली, आणि तेवढ्यात बाबांच्या पलंगाजवळच्या ऑक्सिजनच्या मशीननं भोंगा वाजवला.

तो भोंगा तिनं याआधी फक्त मशीन नवं आणलं त्या दिवशी ऐकला होता, दुकानदारानं दाखवायला वाजवला तेव्हा.

"बाबा!"

विलास रामटेके डोळे मिटून पडले होते. कोळशाच्या खाणीत त्यांची उमर गेली होती आणि ती सगळी उमर बारीक काळी धूळ होऊन त्यांच्या फुप्फुसात बसली होती. त्यांनी एक डोळा उघडला.

"ओरडू... नको," ते म्हणाले. "मशीन ओरडून रायलं ना. तेवढं बस."

आई घरात नव्हती. मावशीच्या ऑपरेशनसाठी ती वर्ध्याला गेली होती आणि जाताना चारचारदा सांगून गेली होती, सिलेंडर कुठे, चावी कुठे, नळी कशी बदलायची. मित्रा तेव्हा वैतागून म्हणाली होती, "हाव वो आई, मले सगळं येते." आता पलंगाखालून छोटा सिलेंडर ओढताना चावी दोनदा तिच्या हातून निसटली. तिसऱ्यांदा बसली. नळी लागली. बाबांच्या नाकाशी बारीक सुस्कारा सुरू झाला. सिलेंडरवरचा काटा मात्र अर्ध्याच्याही खाली होता.

मग भिंतीवरची सासू बोलली.

मीटरला कॉलनीत सासू म्हणत. हे बारसं राजम्मा आक्कांनी केलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं, की कंपनीचा माणूससुद्धा "सासू कुठं बसवू?" असं विचारायचा. वीज आणि गॅस, दोन्हीच्या नाड्या तिच्या हातात. आधी पैसे भरा, मग चूल पेटवा. पण तिला सासू म्हणायचं कारण वेगळंच होतं. जुने मीटर नुसते युनिटं मोजायचे. ही ऐकायची.

घरातलं प्रत्येक यंत्र वीज ओढतं ते आपापल्या ढंगानं. मिक्सर एकदम मोठा घोट घेतो आणि थरथरतो. फ्रिज डुलक्या काढतो आणि मधेच दचकून जागा होतो. इस्त्री मुकाट्यानं पीत राहते. विजेच्या लहरीवर या ढंगाचा ठसा उमटतो, ओल्या सारवणावर पाय पडावा तसा. सासू सेकंदाला हजारो वेळा ती लहर तपासायची आणि ठशावरून यंत्र ओळखायची. कुणी सकाळी उशिरा गॅस पेटवला, कुणाकडे पाहुणे आले, तिला सगळं ठाऊक.

त्यातल्या त्यात एक गोष्ट तिनं चांगली केली होती. ज्या घरात ऑक्सिजनच्या मशीनचा ठसा सापडेल, त्या घराचा पुरवठा बॅलन्स संपला तरी तोडायचा नाही, असा नियम होता. अर्ज नको, साहेबाची सही नको. मशीनच्या पोटात दोन नळकांडी असतात, त्यांत झिओलाइट नावाचे खडेमिठासारखे दाणे. हवा दाबून आत ढकलली की हे दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन तेवढा पुढे सोडतात. एक नळकांडं भरलं की झडप ठक् करून फिरते, दुसरं कामाला लागतं आणि पहिलं फुस्स करून पोट रिकामं करतं. बाबांच्या मशीनची झडप मागच्या दिवाळीत फाटली, तेव्हा कूलर दुरुस्त करणाऱ्या खुशालदादानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून आत बसवला. तेव्हापासून मशीनला उचकी लागली. फुस्स, ठक्-ठक्. फुस्स, ठक्-ठक्. दुनियेत असा ठसा दुसरा नव्हता.

"प्रिय ग्राहक," सासू म्हणाली. तिचा आवाज असा गोड आणि शुद्ध, की जणू ती आयुष्यात कधी चंद्रपूरला आलीच नव्हती. "आपल्या परिसरात एकाच ठशाची नऊ श्वसनयंत्रे आढळली आहेत. एक व्यक्ती एकाच वेळी नऊ घरांत श्वास घेऊ शकत नाही. सर्व नऊ घरांचा पुरवठा थांबवण्यात आला आहे. अधिकारी सोमवारी भेट देतील."

नऊ?

एका नकलेचं तिला माहीत होतं. एकाच.

झालं होतं असं. पुढच्या गल्लीतल्या पौर्णिमावहिनीला बाळ झालं, ऐन एप्रिलात. दुपारी वीज गेली की ते पोर तापून लालबुंद व्हायचं आणि रडायचंही थांबायचं, जे रडण्यापेक्षा भयंकर. मित्रा ते बघून आली आणि तिला झोप येईना. तिनं शाळेच्या प्रयोगशाळेतून विजेची लहर टिपायचा चिमटा आणला, बाबांच्या मशीनच्या वायरला लावला, ठसा उतरवून घेतला, आणि साबणाच्या डबीत एक चिप आणि तापणाऱ्या तारेचं वेटोळं बसवलं. डबी प्लगमध्ये खोचली की ती हुबेहूब बाबांच्या मशीनसारखी वीज ओढायची. सासू फसली! पौर्णिमावहिनीच्या घरचा कूलर त्या दिवसापासून थांबला नाही, आणि मित्रा आठवडाभर अशी चालत होती, की तिचे पाय जमिनीला लागतच नव्हते. आपण काही तरी भारी केलं, एका जिवाला वाचवलं, आणि तेही साबणाच्या डबीनं!

"बाबा, मी आलेच," ती म्हणाली.

"पळू नको," बाबा म्हणाले. "घाबरलं की... हवा जास्त लागते. खाणीत शिकवते."

पण ती पळालीच.

पळता पळता तिनं रुग्णवाहिकेला फोन लावला. उष्माघाताचे पेशंट खूप आहेत, गाडी मोकळी झाली की कळवू, असं उत्तर आलं. तिनं फोनवरून मीटरमध्ये पैसे भरले. पैसे जमा झाले आणि खाली लाल अक्षरं उमटली, 'ठसा संशयास्पद, पुरवठा कुलूपबंद.' म्हणजे हा पैशाचा मामलाच नव्हता.

खुशालदादा आपल्या टपरीत एका कूलरच्या पोटात डोकं घालून बसला होता.

"खुशालदादा, तुम्ही डबी बनवली काय? माझ्यासारखी?"

कूलरच्या आतला हात थांबला.

"कोणती डबी वो बाई?"

"दादा, बाबांचं मशीन बंद पडलं!"

खुशाल एकदम बाहेर आला, कानाला खस चिकटलेली. "आँ? तुमचं काऊन बंद पडन? तुमचं तं खरं हाय!"

"नऊ ठसे सापडले तिला. नऊच्या नऊ एकसारखे. किती बनवल्या, सांगा ना!"

त्यानं पान्यानं डोकं खाजवलं. "आता कसं सांगू... पौर्णिमावहिनीनं राजम्मा आक्काले दिली, बघाले. आक्कानं मले आणून दिली, म्हणे अशीच एक करून दे. मंग तिच्याकडून वानखेड्याईनं नेली. विरजणासारखं झालं पाह्य. एका घरातून दुसऱ्या घरी. विरजण मागाले आलेल्याले कोणी नाही म्हणते काय?"

खरंच होतं ते. कॉलनीतल्या प्रत्येक घरातलं दही कधी ना कधी शेजारच्या वाटीतून आलेलं होतं आणि कुणालाही ठाऊक नव्हतं मूळ कोणाचं. डबीही तशीच फिरली. आणि देताना प्रत्येकानं कानात सांगितलं होतं, कोणाले सांगू नको, म्हणून प्रत्येक घराला वाटत होतं, आपल्याच घरी आहे. खुशालदादानं चिप जशीच्या तशी उतरवली होती. बाबांच्या मशीनच्या उचकीसकट.

"उचकी तरी काढून टाकायची ना दादा," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मले काय माहीत थे उचकी होय! मले वाटलं, तू मुद्दाम टाकली असन. हुशार पोट्टी हाय, काहीतरी डोकं लावलं असन."

तिला हसू आलं असतं, दुसऱ्या कुठल्याही दिवशी.

"मशीन उचलून तुमच्या टपरीत आणलं तर? तुमचा मीटर चालू हाय ना?"

"आणशीन, पण सासू इथंबी थेच ऐकन अन् मलेबी कुलूप घालन. तिच्यासाठी तं तो दहावा झाला."

तेवढ्यात गल्लीतून गडगडाट झाला. सगळे कूलर एकदम सुरू झाले, नऊ घरांतले. कोणीतरी "आली रे!" असं ओरडलं. मित्रा घराकडे धावली. दारातूनच तिला ऐकू आलं, फुस्स, ठक्-ठक्, आणि तिचे डोळे भरून आले. ती मशीनची नळी बाबांच्या नाकाशी लावणार, तोच सगळं पुन्हा मुकं झालं.

"पडताळणी पूर्ण," सासू म्हणाली. "नऊ ठसे समान. पुढील पडताळणी दुप्पट कालावधीनंतर होईल."

आता मित्राला सगळं कळलं. सासू अधूनमधून वीज सोडणार आणि कान देऊन ऐकणार. प्लगमध्ये खोचलेल्या डब्या बाबांच्या मशीनबरोबर जाग्या होणार आणि सगळ्या एका सुरात तेच गाणार. मग ती पुन्हा वीज तोडणार, आधीच्या दुप्पट वेळ. त्यानंतर त्याच्या दुप्पट. सिलेंडरचा काटा मात्र दुप्पट होणार नव्हता.

पुढच्या पडताळणीच्या आत आठही डब्या प्लगमधून निघायला हव्या होत्या. त्यात मेख अशी, की जो डबी काढेल तो पकडला जाणार. मघाशी ठसा होता आणि आता नाही, म्हणजे खोटा होता, हे सासूला लगेच कळणार. लावून ठेवली, तर निदान सोमवारी साहेबाला सांगता येईल, आमच्याकडेही पेशंट आहे, गावी गेलाय.

"बाबा, मी डबी बनवली होती," ती पलंगाशी उभी राहून म्हणाली. "तुमच्या मशीनची नक्कल. पौर्णिमावहिनीसाठी."

"माहीत... हाय," बाबा म्हणाले.

"कसं?"

"साबण... कागदात... ठेवून रायलो ना... महिनाभर."

ते बोलल्यावर त्यांना धाप लागली आणि ओठांच्या कडा जांभळट दिसायला लागल्या. मित्रा मागे वळूनही न बघता बाहेर पडली.

राजम्मा आक्कांनी एका शब्दात डबी काढली. "अय्यो, काढून टाकली, चल, पुढच्या घरी मी येते," म्हणत त्या स्वतःच पदर डोक्यावर घेऊन निघाल्या आणि उन्हात दारं वाजवायला लागल्या. त्यांचा आवाज असा, की दार न उघडणाऱ्याचीही भिंत उघडावी. "वानखेड्याई! लपवू नका! माझ्याचकडून नेली ना तुम्ही? काढा! विलासभाऊ तिकडे तडफडतो!" वानखेड्याई आधी "कोणती डबी" म्हणाल्या, मग फ्रिजच्या मागे हात घातला. एकेका घरात प्लगमधून साबणाच्या डब्या निघत होत्या, गुलाबी, हिरव्या, आणि बाहेर आलेली माणसं एकमेकांकडे बघत होती, "तुमच्याकडेबी?" "अन् तुमच्याकडेबी?" कुणी हसत होतं, कुणी मान खाली घालत होतं.

मित्रा पौर्णिमावहिनीच्या दारात उभी होती.

वहिनीनं बाळाला ओल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलं होतं आणि ती पुठ्ठ्यानं वारा घालत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "नाही काढत मी."

"वहिनी..."

"तुझ्या बाबाले सिलेंडर हाय. माझ्या पोराले काय हाय?"

मित्राच्या हातात फोन थरथरला. तिनं मघाशी तक्रारीचा नंबर लावून ठेवला होता, तो आता लागला होता आणि तोच गोड आवाज सांगत होता, "बनावट ठशांची माहिती असल्यास घर क्रमांक सांगा. माहिती देणाऱ्या घराचा पुरवठा तत्काळ पूर्ववत केला जाईल."

फक्त एक आकडा. वहिनीच्या दारावर तो निळ्या रंगात लिहिलेला होता, सतरा. मित्राची जीभ टाळ्याला लागली. स... एवढं तर म्हणायचं होतं. बाबांच्या ओठांची ती जांभळी कड तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. दुसरं काहीच दिसत नव्हतं. बाळसुद्धा नाही.

वहिनीनं तो आवाज ऐकला होता. तिनं मित्राकडे बघितलं, अशा नजरेनं, की मित्राला वाटलं, आपण हातात कोयता धरून उभ्या आहोत.

तिनं फोन ओढणीत गुंडाळला आणि घट्ट धरला.

"वहिनी, तुम्ही आमच्या घरी चला," ती म्हणाली. "बाळ घेऊन. एकाच घरात आली वीज, तं आमच्याच घरात येईन. आमचा कूलर मोठा हाय."

"अन् नाही आली तं?"

"तं मीबी तिथंच राहीन ना. माझे बाबा हायेत तिथं."

पौर्णिमावहिनीनं बाळ मित्राच्या हातात दिलं. ते इतकं गरम होतं, की मित्रा दचकली, भाकरी तव्यावरून उचलावी तसं. वहिनी कपाटामागे वाकली, प्लग काढला, आणि डबी जमिनीवर अशी आपटली, की आतली चिप दारापर्यंत उडत आली.

त्या दोघी रामटेक्यांच्या ओट्यावर पोचल्या, आणि कूलर गरजला. ठसा न सापडलेल्या घरांतली वीज आली तशी लगेच गेली. आता एकच? मित्रानं कान टवकारले. समोरच्या रांगेतूनही एक घरघर येत होती. मग दोन्ही कूलर थांबले.

"पडताळणी पूर्ण. दोन ठसे समान. पुढील पडताळणी दुप्पट कालावधीनंतर होईल."

दोन.

आत सिलेंडरचा काटा लाल पट्ट्यात शिरला होता. बाबा मोजूनमापून श्वास घेत होते, खाणीत अडकलेल्या माणसासारखे, एक, मग बराच वेळ काही नाही, मग एक.

ओट्यासमोर बायाबाप्ये जमले होते. सगळ्यांनी आपापल्या डब्या हातात धरल्या होत्या, शपथेला तुळस धरावी तशा. "मग दुसरी कोणाची?" असं प्रत्येक जण विचारत होता आणि प्रत्येकाची नजर हळूहळू एकाच दाराकडे वळत होती.

गेडाम सरांचं दार बंद होतं.

गेडाम सर कॉलनीतल्या निम्म्या लोकांचे मास्तर. मित्राच्या आईलाही त्यांनीच शिकवलं होतं. मागच्याच सव्वीस जानेवारीला त्यांनी झेंड्याखाली पाऊण तास भाषण केलं होतं, वीजचोरी म्हणजे देशाशी गद्दारी, आणि खुशालदादाला नाव घेऊन उभं केलं होतं.

"म्या नाही दिली सरांले," खुशाल शपथेवर म्हणाला. "मले तं थे टपरीच्या समोरूनही जाऊ देत नाहीत."

"मी पण नाही." "आम्ही पण नाही."

"सरांच्या बाईंनी नेली असन कोणाकडून, विरजण मागाले आल्या असन!" कोणीतरी म्हणालं, आणि दोनचार जण फिदीफिदी हसले. एक जण ओरडला, "सर! निघा बाहेर! गद्दार कोण हाय थे पाहू!" दुसऱ्यानं दारावर लाथ मारली.

दार उघडेना. उघडणारही नव्हतं. मित्राला ते लख्ख कळलं, अगदी भीतीच्या तळातून कळलं. या गर्दीसमोर हातात साबणाची डबी घेऊन बाहेर यायचं, त्यापेक्षा सर आत गुदमरून बसतील. गर्दी जितकी ओरडेल तितकी कडी घट्ट बसेल.

"मागे व्हा!" ती किंचाळली. "सगळे मागे व्हा ना! आमच्या ओट्यापर्यंत!"

राजम्मा आक्कांनी दोन्ही हात पसरून लोकांना मागे लोटलं. मित्रा एकटी दारापाशी गेली. लाकूड तापलेलं होतं, तरी तिनं त्याला गाल लावला.

"सर, मी रामटेक्यांची मित्रा. तुमच्याकडे डबी हाय असं मी म्हणत नाही. कोणीच म्हणत नाही." तिनं दाराला गाल आणखी दाबला. "डबी मी बनवली सर. पहिली माझी होती. चोरी असन तं ती माझी. तुम्ही दार उघडू नका. बाहेर येऊ नका. घरात काही लागलेलं असन तं फक्त तेवढं काढून ठेवा. मी कोणाले नाही सांगणार. बाबांचा सिलेंडर संपला सर."

आतून काहीच आवाज आला नाही.

ओढणीतून मात्र आला. "धन्यवाद," तो गोड आवाज म्हणाला. फोन अजून सुरूच होता. "आपली कबुली नोंदवण्यात आली आहे. घर क्रमांक बारा."

बारा नंबर म्हणजे तिचंच घर. तिनं फोनकडे बघितलंही नाही. ती परत फिरली.

सिलेंडरचा सुस्कारा बंद झाला होता. पौर्णिमावहिनी बाबांच्या मागे बसून त्यांना टेकवून धरत होती आणि बाळ आक्कांच्या मांडीवर होतं. मित्रानं मशीनची नळी बाबांच्या नाकाशी लावली, मुक्या मशीनची, आणि त्यांचा हात धरला. नखं निळी पडली होती. दुप्पट वेळ म्हणजे किती, हे विज्ञान प्रदर्शनात पहिली आलेल्या पोरीला त्या वेळी सांगता आलं नसतं. बाबांनी एक श्वास घेतला. मग काही नाही. मग काही नाही. मग एक, बारीक, धाग्यासारखा.

कूलर गरजला. मशीन दचकून जागं झालं. फुस्स, ठक्-ठक्.

तिनं डोळे घट्ट मिटले. आता जाईल. आता जाईल. फुस्स, ठक्-ठक्. समोरच्या रांगेतून काही ऐकू येतंय का? फुस्स, ठक्-ठक्.

"पडताळणी पूर्ण," सासू म्हणाली. "एक ठसा. पुरवठा सुरू. उर्वरित आठ घरांचा पुरवठा अधिकाऱ्यांच्या भेटीपर्यंत बंद राहील. सहकार्याबद्दल आभार."

मित्रा मटकन खाली बसली आणि भोकाड पसरून रडली, लाजबीज काही न धरता, नाक पुसत, "बाबा, बाबा" करत. आक्कांनी तिच्या डोक्यावर चापट मारली, मग तिथंच हात ठेवला.

थोड्या वेळानं आठही घरांतली माणसं आत आली. जातील कुठं? सोमवारपर्यंत कॉलनीच्या या टोकाला हा एकच कूलर फिरणार होता. वानखेड्याई पलंगाच्या पायथ्याशी, खुशाल उंबऱ्यावर, बाळ बरोबर कूलरच्या झोतात, आणि शेवटी, कोणाकडेही न बघता, गेडाम सर आणि त्यांच्या बाई. सर भिंतीला टेकून उभे राहिले. कोणी त्यांना काही विचारलं नाही. खुशाल मात्र सरकून त्यांना जागा करून देत म्हणाला, "बसा ना सर, इकडे वारा लागते."

बाबांचे ओठ हळूहळू पुन्हा ओठांच्या रंगाचे झाले. त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली.

"मायबाई," ते म्हणाले. "आता मले... मरायचीबी सोय नाही."

सगळे हसले. सरसुद्धा. पौर्णिमावहिनीनं त्यांच्या पाठीमागे उशी नीट केली. आक्कांनी पाण्याचा गिलास पुढे केला. वानखेड्याई तळपाय चोळायला लागल्या. "भाऊ, बरं वाटते ना?" "भाऊ, झोपा थोडे." "नळी वाकली तं नाही ना, पाह्य वो मित्रा." मित्राला आधी बरं वाटलं. मग तिनं त्यांचे चेहरे पाहिले. कूलरकडे कोणीच बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे बाबांच्या छातीवर होते, ती वर जात होती, खाली येत होती, आणि तिच्याबरोबर ते सगळे डोळेही. ही माया होती का? होतीच. पण नुसती माया अशी पापणी न लववता बघत नाही, असं तिला वाटून गेलं, आणि तिनं बाबांचा हात आणखी घट्ट धरला.

तेवढ्यात बाबांना ठसका लागला. साधाच, पाण्याचा.

खोलीतली सगळी माणसं एकदम उभी राहिली.